कावागोए : टोकियोच्या वेशीवरील ‘छोटे एदो’

टोकियोच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर, सैतामा प्रांतात कावागोए हे शहर वसले आहे. इकेबुकुरो स्थानकातून जलद गाडीने अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. टोकियोचे जुने नाव एदो. भूकंप, आगी आणि युद्धातील बॉम्बवर्षाव यांमुळे खुद्द राजधानीत जुने एदो फारसे उरले नाही. त्याची खूण पाहायची तर कावागोएला जावे लागते. म्हणूनच या शहराला ‘कोएदो’, म्हणजे छोटे एदो, असे म्हणतात.

एदोकाळात शिंगाशी नदीतून येथील धान्य आणि रताळी होड्यांनी राजधानीला जात. त्या व्यापाराने शहर संपन्न झाले. मात्र १८९३ मधील भीषण आगीत शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग भस्मसात झाला. त्या आगीत मातीच्या जाड भिंतींची काही घरे तगली. १७९२ मध्ये बांधलेले ओसावा घराणे यांचे घर त्यांपैकीच एक. हे पाहून व्यापाऱ्यांनी नवी दुकाने ‘कुराझुकुरी’ या गोदामशैलीत उभारली : काळ्या गिलाव्याच्या जाड भिंती, भक्कम झडपा आणि वजनदार कौले. आज पर्यटक ज्या रस्त्याची छायाचित्रे घेतात, तो असा आगीतून घडला.

आगीतून सावरलेल्या या वास्तूंवर पुढे वेगळे संकट आले. बाजारपेठ रेल्वे स्थानकांकडे सरकली, जुन्या पेठेचा व्यापार मंदावला आणि १९७० च्या दशकात तेथे उंच इमारती उभ्या राहू लागल्या. तेव्हा स्थानिक दुकानदार आणि रहिवासी पुढे सरसावले. १९८३ मध्ये त्यांनी ‘कुरा नो काई’ ही संस्था स्थापन केली. १९९० च्या दशकात मुख्य रस्त्यावरील विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या आणि १९९९ मध्ये या परिसराला राष्ट्रीय पातळीवर संरक्षित वास्तुसमूहाचा दर्जा मिळाला. केवळ वास्तू जपून भागत नाही, दुकानेही चालली पाहिजेत, ही या प्रयत्नांमागची दृष्टी होती.

शहरातील किता-इन मंदिर आवर्जून पाहावे. १६३८ च्या आगीनंतर तिसरे शोगुन तोकुगावा इएमित्सु यांनी एदो किल्ल्यातील काही दालने येथे हलवली. किल्ल्याच्या मूळ जागी तशी दालने आता उरलेली नाहीत. मंदिराच्या आवारात बुद्धशिष्यांच्या ५३८ पाषाणमूर्ती असून प्रत्येकीची मुद्रा निराळी आहे.

‘तोकी नो काने’ हा लाकडी घंटामनोरा शहराची ओळख आहे. सध्याचा मनोराही १८९३ च्या आगीनंतरच उभा राहिला. त्याची घंटा दिवसातून चार वेळा वाजते. जवळच्या मिठाई गल्लीत रताळ्याचे नाना पदार्थ मिळतात. ऑक्टोबरमधील रथोत्सवाचा समावेश २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला.

सुट्टीच्या दिवशी येथे मोठी गर्दी होते आणि अरुंद रस्त्यावरून वाहनेही धावतात. त्यामुळे कामकाजाच्या दिवशी सकाळी लवकर जाणे श्रेयस्कर.