‘रोज बंद करतो की!’ : ऑफिसातले कॉम्प्युटर, अपडेट आणि काही पक्के गैरसमज

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे ऑफिसं नुकती उघडत होती आणि जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकू लागले. देशातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर एकच निदान फिरत होतं : मायक्रोसॉफ्टने अपडेट सोडलं आणि जग बंद पाडलं. आजही कुणाला ‘अपडेट मारून घ्या’ म्हटलं की हाच दाखला पुढे येतो. दाखला चुकीचा आहे, पण निघण्याचं नाव घेत नाही.

ते अपडेट विंडोजचं नव्हतंच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरला नव्या हल्ल्यांची ओळख पटावी म्हणून धाडलेली ती एक फाइल होती. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती सुटली आणि ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख कॉम्प्युटर आडवे झाले. ही संख्या एकूण विंडोज कॉम्प्युटरांच्या एक टक्क्यापेक्षाही कमी होती. खरी गोम अशी की फाइल सगळीकडे एकाच वेळी गेली. ‘आम्हाला एक आवृत्ती मागचीच द्या’ अशी सावध सोय करून ठेवलेल्या कंपन्याही सुटल्या नाहीत, कारण ती सोय मुख्य सॉफ्टवेअरपुरती होती, या फाइलींना लागूच नव्हती.

क्लाउडवरून कॉम्प्युटर सांभाळणारी टूल्स त्या दिवशी काय करत होती? फारसं काही नाही. ज्या कॉम्प्युटरवर विंडोजच सुरू होत नाही, त्याला निरोप पोहोचणार कसा? सेफ मोडमध्ये जाऊन फाइल हाताने उडवावी लागली. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की टाकायची. इथे मात्र क्लाउड कामाला आलं. की तिथे साठवलेली असेल तर आयटीवाला ती फोनवर वाचून दाखवत होता. ज्यांनी कीची यादी ऑफिसच्याच सर्व्हरवर ठेवली होती आणि तो सर्व्हरही निळा पडला होता, त्यांचे हाल विचारू नका.

‘त्यापेक्षा अपडेट बंद ठेवलेलं बरं’

वॉनाक्राय या सायबर हल्ल्याने याचं उत्तर सात वर्षं आधीच दिलं होतं. त्याने वापरलेली फट बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला. हल्ला झाला १२ मे रोजी. मध्ये ५९ दिवस होते. दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यात सापडले. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या ट्रस्टपैकी किमान एक तृतीयांश ट्रस्टचं काम विस्कटलं. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी नंतर जे नोंदवलं ते साधं आहे : लागण झालेल्या संस्थांकडे एकतर पॅच लावलेला नव्हता, नाहीतर विंडोजच मुदत संपलेलं होतं.

अपडेट म्हणजे अभेद्य कवच, हाही गैरसमजच. २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्याची झळ थेट न्हावा-शेव्याला बसली; जेएनपीटीतलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल त्यात सापडलं. तो हल्ला पसरला तोच मुळी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पुढे तो पासवर्ड चोरून पॅच लावलेल्या कॉम्प्युटरांतही शिरत होता. मर्स्कला दहा दिवसांत ४५ हजार कॉम्प्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

‘मी तर रोज बंद करतो की!’

आयटीच्या माणसाला हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणून कॉम्प्युटर पटकन सुरू होतो. विंडोज पूर्ण नव्याने उठतं ते ‘रिस्टार्ट’ केल्यावरच. आणि बरीचशी अपडेट नेमकी या रिस्टार्टसाठीच ताटकळत असतात.

पडताळून पाहायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’. खालच्या कोपऱ्यात ‘अप टाइम’ दिसेल; पहिला आकडा दिवसांचा. रोज संध्याकाळी इमानदारीत बंद होणाऱ्या कॉम्प्युटरवर तिथे वीस-पंचवीस दिवस दिसले तर दचकू नका.

‘कन्सोलमध्ये बटण दाबलं की झालं’

कन्सोल म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणारं टूल चालवण्याचा पडदा. हा गैरसमज साहेब लोकांचा, आणि माझ्या मते सगळ्यात महागडा. पूर्वी ऑफिसच्या सर्व्हरवर अपडेटचं कोठार असे आणि कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कवर आला की त्यातून घेई. करोनाच्या काळात लॅपटॉप घरी गेले आणि हे गणित कोलमडलं. इंट्यूनसारखी टूल्स त्याआधीपासून होती (मायक्रोसॉफ्टने ती सेवा २०११ मध्ये आणली), पण त्यांचं मोल तेव्हा कळलं. लॅपटॉप साताऱ्यात असो की सिंगापूरला, इंटरनेट मिळालं की तो क्लाउडला विचारतो, ‘माझ्यासाठी काही नवीन?’

पण तो केव्हा विचारतो? साधारण दर आठ तासांनी, तेही चालू असेल तर. तातडीच्या निरोपासाठी क्लाउड त्याला मध्येच हाक मारू शकतं, पण झोपलेल्या लॅपटॉपला ती ऐकू जात नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःच तपासून सांगितलं आहे की अपडेट खात्रीने लागायला ते आल्यापासून एकूण सहा तास आणि त्यातले सलग किमान दोन तास कॉम्प्युटर चालू आणि इंटरनेटला जोडलेला हवा. मीटिंगपुरता झाकण उघडून मिटणारा लॅपटॉप यात बसत नाही. कन्सोलवर धोरण ‘लागू’ दिसतं, लॅपटॉप मात्र दोन महिने मागे असतो. महिन्याच्या अहवालात किती कॉम्प्युटरांना अपडेट धाडलं हे विचारू नका, कितींवर ते लागलं हे विचारा.

शिवाय कुणाला केव्हा द्यायचं, हे टूल ठरवत नाही. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा पॅच २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, अमेरिकेत हिवाळा असला की साडेअकरा. म्हणजे आपला दिवस बुधवार. इंट्यूनमध्ये कॉम्प्युटरांच्या टप्प्याटप्प्याच्या तुकड्या करता येतात, त्यांना ‘रिंग’ म्हणतात. आधी आयटीचे स्वतःचे लॅपटॉप, मग प्रत्येक विभागातले एक-दोन, मग बाकी सगळे. सुरक्षा पॅच जास्तीत जास्त ३० दिवस पुढे ढकलता येतो.

आता गंमत बघा. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखांच्या दरम्यान पडतो. बहुतेक जण सवयीने सात दिवसांची सवलत टाकतात. म्हणजे पॅच १५ ते २१ च्या दरम्यान अकाउंट्सच्या टेबलावर, नेमका २० तारखेच्या जीएसटीआर-३बीच्या तोंडावर! सवलत काढून टाकावी तर ११ तारखेला जीएसटीआर-१ उभा. अमेरिकेत बसून बनवलेल्या टूलला हे ठाऊक नसतं. ऑफिसातल्या कुणीतरी कॅलेंडर समोर ठेवून अकाउंट्सची रिंग वेगळी करायची असते, आणि सक्तीच्या रिस्टार्टची मुदतही त्या हिशेबाने ठेवायची असते.

‘आयटीवाले माझे फोटो बघतात’

कंपनीचं ईमेल फोनवर घ्यायचं म्हटलं की ही भीती निघतेच, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. वस्तुस्थिती अशी : इंट्यूनमधून तुमचे फोटो, मेसेज, कॉल किंवा ब्राउझिंगची यादी, कॉन्टॅक्ट, पासवर्ड यांतलं काहीही दिसत नाही. दिसतं ते फोनचं मॉडेल, सिरियल नंबर, सिस्टीमची आवृत्ती, आणि तो नियमांत बसतो की नाही, यांसारखं. अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ असेल तर ऑफिसच्या ॲपवर छोटी बॅग दिसते. कंपनीची सत्ता तेवढ्या बॅगवाल्या ॲपपुरती. नोकरी सोडल्यावर तेवढा भाग काढून टाकतात, लेकराच्या बारशाचे फोटो जागच्या जागी राहतात.

यात दोन ‘पण’ आहेत. फोन किंवा लॅपटॉप कंपनीच्या मालकीचा असेल तर त्यावरच्या सगळ्या ॲपची यादी कंपनीला दिसू शकते आणि तो पूर्ण पुसताही येतो. दुसरं, इंट्यून डोकावत नाही म्हणून ऑफिसच्या लॅपटॉपवर दुसरं टेहळणीचं सॉफ्टवेअर नसेलच असं नाही. ‘विश्वास ठेवा’ म्हणण्यापेक्षा काय दिसतं नि काय नाही, हे आयटीने एका पानावर लिहून द्यावं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘आमचं ऑफिस लहान, आम्हाला कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं बिल बघावं. ३०० जणांपर्यंतच्या ऑफिसांसाठी असलेल्या मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये इंट्यून आलेलंच असतं, पैसे भरून ते कोपऱ्यात पडलेलं असतं. मात्र दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवर बऱ्याचदा विंडोजची ‘होम’ आवृत्ती असते, आणि ती कंपनीच्या खात्याला पुरती जोडता येत नाही. खरेदी करतानाच ‘प्रो’ मागा. विंडोज अपडेट झालं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. विनरारसारखी सॉफ्टवेअर आपणहून अपडेट होत नाहीत. २०२३ मध्ये त्यातल्याच एका त्रुटीचा हल्लेखोरांनी वापर केला होता. अशा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कन्सोलमधून कुणीतरी मुद्दाम धाडावी लागते.

राहता राहिलं विंडोज १०. ‘टूल आहे, तेच पॅच देत राहील’ या भरवशावर कुणी असेल तर त्याने तो सोडावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जो पॅच आपसूक मिळतच नाही, तो कुठलंही टूल कुठून आणणार? कंपन्यांना जास्तीत जास्त तीन वर्षं पैसे मोजून पॅच घेता येतात. पहिल्या वर्षी दर कॉम्प्युटरमागे ६१ डॉलर हा मूळ दर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याला चालत नाहीत. तेव्हा या आठवड्यात एवढं करा : ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि शेवटचा पॅच कधी लागला त्याची तारीख यांची यादी काढा, आणि ती ज्याच्या हातात पैशाच्या किल्ल्या आहेत त्याच्या टेबलावर ठेवा.