तोफेचं पोलाद आणि रॉबर्ट शुमान

मी तोफखान्यातला माणूस. युद्धाची गोष्ट निघाली की सेनापतींच्या आधी मला तोफेची नळी आठवते. तिचं पोलाद कुठलं, भट्टीतला कोळसा कुणाचा? ९ मे १९५० रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी नेमका हाच धागा पकडला. त्यांचं नाव रॉबर्ट शुमान. आज त्यांच्याविषयी बोलू.

शुमान यांचे वडील लोरेन प्रांतातले, जन्माने फ्रेंच. १८७१ मध्ये फ्रान्स हरला, त्यांचं गाव जर्मनीत गेलं आणि घर होतं तिथेच राहून ते जर्मन झाले. मुलगा १८८६ मध्ये लक्झेंबर्गमध्ये जन्मला, तोही जर्मन नागरिक म्हणून. जर्मनीत कायदा शिकला, मेत्झ शहरात वकिली करू लागला. १९१८ मध्ये जर्मनी हरली, मेत्झ फ्रान्सला मिळालं आणि बत्तिसाव्या वर्षी शुमान फ्रेंच झाले. १९१९ मध्ये थेट फ्रान्सच्या संसदेत! त्यांच्या फ्रेंच बोलण्यात जर्मन हेल होता. पुढे मंत्री झाल्यावरही विरोधक त्यावरून त्यांना जर्मन म्हणून हिणवत.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. जुलै १९४० मध्ये मार्शल पेतां यांच्या हाती सर्वाधिकार सोपवणाऱ्या मतदानात शुमान यांनी होकार दिला होता. माझ्या मते ती चूकच. पण दोन महिन्यांतच गेस्टापोने त्यांना अटक केली. १९४२ मध्ये नजरकैदेतून निसटून ते मठांमध्ये लपत राहिले.

युद्धानंतर अर्थमंत्री, पंतप्रधान आणि मग १९४८ ते जानेवारी १९५३ परराष्ट्रमंत्री. या काळात फ्रान्समधली सरकारं पत्त्यांसारखी कोसळत होती, पण परराष्ट्र खातं बराच काळ त्यांच्याकडेच राहिलं.

आता मूळ पेच. जर्मनी सावरत होती, तिला जास्त पोलाद काढायचं होतं. फ्रान्सला धडकी भरली होती. दाबून ठेवण्याचा उपाय एकदा करून झाला होता. १९२३ मध्ये फ्रेंच फौजा जर्मनीच्या रूर खोऱ्यात, खाणी-कारखान्यांच्या प्रदेशात घुसल्या. सतरा वर्षांनी जर्मन फौजा पॅरिसमध्ये होत्या.

नवा उपाय मुळात जाँ मोने या नियोजन अधिकाऱ्याच्या डोक्यातला. दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक मंडळाच्या हाती द्यायचं, आणि इतरांनाही दार उघडं ठेवायचं. यात शत्रूवर आंधळा विश्वास ठेवायची गरज नाही, हे मला फार आवडतं. भट्ट्यांचा हिशेब एकाच टेबलावर आला की गुपचूप शस्त्रं कशी बनवणार? पण कल्पना मोने यांची असली, तरी संसदेत आणि मंत्रिमंडळात तिची जबाबदारी घेणारा माणूस शुमान होता.

त्या दिवसाची आखणी एखाद्या लष्करी कारवाईसारखी होती. सकाळी दूत बॉनला चॅन्सेलर आडेनाउअर यांच्याकडे गेला. त्यांचा होकार आल्यावर पॅरिसच्या मंत्रिमंडळाची संमती घेतली आणि संध्याकाळी पत्रकारांपुढे घोषणा केली. ब्रिटनला आधी कळवलंच नाही, आणि ब्रिटिश चिडले. आमच्या भाषेत याला ‘नीड टु नो’ म्हणतात.

१८ एप्रिल १९५१ रोजी करारावर सह्या झाल्या. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली. इटलीचं नाव वाचताना मला नामदेव जाधव आठवतात. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जर्मन मशीनगनांवर चाल करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत इटली आणि जर्मनी, दोघंही फ्रान्ससोबत एका करारात!

पण हीच युक्ती सैन्याला लागू पडली नाही. कोरियात युद्ध पेटलं आणि जर्मनीला पुन्हा शस्त्रं द्या म्हणून अमेरिकेने लकडा लावला. फ्रान्सने सुचवलं, मग सहाही देशांचं एकच युरोपीय सैन्य उभारू. मे १९५२ मध्ये त्या करारावरही सह्या झाल्या. ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने तो ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बाजूला टाकला. शुमान तेव्हा परराष्ट्रमंत्री नव्हते. असते तरी फार फरक पडला असता असं मला वाटत नाही. आमच्या युनिटमध्ये चार भाषांचे जवान होते, पण शपथ एका संविधानाची होती. त्या सैन्यातल्या जवानाने ती कुणाची घ्यायची? कोळशाला शपथ लागत नाही.

शेवटी १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी थेट नाटोत गेली आणि तिचं स्वतःचं सैन्य उभं राहिलं. पोलादाची गाडी मात्र थांबली नाही. १९५७ च्या रोम करारांनी तीच सहा राष्ट्रं सामाईक बाजारपेठेकडे वळली, आणि १९५८ मध्ये नव्या युरोपीय संसदीय सभेचे पहिले अध्यक्ष झाले शुमान. ४ सप्टेंबर १९६३ रोजी मेत्झजवळच्या सी-शाझेल गावातल्या आपल्या घरी ते वारले. त्यांचा कोळसा-पोलाद करार पन्नास वर्षांच्या मुदतीचा होता. जुलै २००२ मध्ये ती संपली, तेव्हा मेत्झच्या आणि रूरच्या बाजारात एकच नाणं चालत होतं.