दोन रुपयांचे निर्माते



दर आठवड्याला आपण थोडा इतिहास, थोडी जगाची बातमी आणि थोडा सिनेमा असा फेरफटका मारतो. या वेळी तिन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या आहेत. ते ठिकाण गुजरातेतील आणंद, आणि विषय तुमच्या-माझ्या गोठ्यातला, म्हणजे दूध. संध्याकाळच्या धारा आटोपल्या असतील, तर घरातल्या सर्वांना जवळ बोलवा आणि वाचा.

आधी इतिहास

खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आणंदचे दूध रेल्वेने मुंबईला जाई. ते गोळा करण्याचा मक्ता पोल्सन या एकाच खाजगी डेअरीकडे होता. मुंबईत दुधाला भाव मिळे, पण म्हैस पाळणाऱ्याच्या हाती चिल्लर पडे. शेतकरी सरदार वल्लभभाई पटेलांकडे गेले. त्यांनी सल्ला दिला, स्वतःची सहकारी संस्था काढा, आणि सरकार तिचे दूध घेत नसेल तर कुणालाच दूध घालू नका.

४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी सभा झाली. मोरारजी देसाई तिला हजर होते. पुढे १५ दिवस खेड्याच्या शेतकऱ्यांनी दूध घातले नाही. ज्याची चूल दुधाच्या पैशावर पेटते, त्याने १५ दिवस कळ काढायची म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. अखेर सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे पहिले अध्यक्ष. दोन गावांच्या संस्था आणि रोजचे सुमारे २५० लिटर दूध, एवढ्यावर काम सुरू झाले. तोच आजचा अमूल.

१९४९ साली वर्गीस कुरियन नावाचे तरुण इंजिनियर सरकारी नोकरीवर आणंदला आले. त्यांना तिथून केव्हा एकदा सुटतो असे झाले होते. पण सुटकेची वेळ आली तेव्हा त्रिभुवनदासांनी गळ घातली आणि ते राहिले, ते कायमचेच.

आता चित्रपट

या कामावर श्याम बेनेगल यांनी १९७६ साली ‘मंथन’ काढला. पैसा कुठून आणायचा? गुजरातेतील ५ लाख दूध उत्पादकांनी दुधाच्या पैशातून प्रत्येकी २ रुपये दिले. १० लाख रुपये उभे राहिले आणि पडद्यावर निर्माते म्हणून शेतकऱ्यांचे नाव झळकले. आपलाच चित्रपट पाहायला लोक ट्रक भरभरून शहरात गेले.

पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि बिंदूच्या भूमिकेत आपली स्मिता पाटील. गिरीश कर्नाड झाले आहेत गुरांचे डॉक्टर राव. ते गावात येतात, संस्था उभी करू पाहतात. खाजगी डेअरीवाला आडवा येतो. संस्थेच्या निवडणुकीत हरलेला सरपंच त्याला जाऊन मिळतो. शेवटी रावांची बदली होते. ते गाडीने निघून जातात, आणि ज्याने सुरुवातीला त्यांना विरोध केला होता तो दलित वस्तीतला भोला, म्हणजे नसीरुद्दीन शाह, संस्था पुढे चालवायला उभा राहतो.

आणि जगाची बातमी

मे २०२४ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात हाच ‘मंथन’ नव्याने झळाळी देऊन दाखवला गेला. त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपून ठेवली होती. नसीरुद्दीन शाह तिथे जातीने हजर होते. स्मिता पाटील १९८६ साली आणि कुरियन २०१२ साली गेले होते. त्याच वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये, बेनेगलही गेले. पण दोन-दोन रुपयांचे काम मात्र ४८ वर्षांनी सातासमुद्रापार जाऊन आले.

आपल्या गावाचे काय?

मी हा चित्रपट लहानपणी शाळेच्या पटांगणात, पांढऱ्या कापडावर पाहिला. तेव्हा मला भोला आवडला होता. पुढे विस्तार अधिकारी झालो आणि स्वतःला डॉक्टर राव समजू लागलो. एका गावात दूध गोळा करणारा गट उभा केला. हिशेब मीच लिहीत असे. फॅट तपासायला एकाच पोराला शिकवले होते. लोक म्हणत, “साहेब आहेत ना, मग काळजी नाही.” मलाही ते ऐकून बरे वाटे.

माझी बदली झाली. तो पोरगा कामाला शहरात गेला. दोन वर्षांनी त्या गावी लग्नाला गेलो, तर गट मोडलेला. फॅटच्या काचेच्या नळ्या फळीवर धूळ खात पडल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, “साहेब, तुम्ही गेलात आन् सगळंच बसलं.” तिने ते मायेनेच म्हटले, पण मला ती चपराक लागली. मी गट उभा केला, पण त्यात भोला तयार केला नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, आज एवढेच विचारतो. तुमच्या संस्थेची वार्षिक सभा मागे कधी झाली, आणि तुम्ही तिला गेला होता का? फॅटचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत लागतो का? सचिव आजारी पडला तर हिशेब लिहिणारे दुसरे कोण आहे? आणि ज्या घरची बाई धार काढते, त्या घरातून सभासद म्हणून नाव कुणाचे?

साहेब येतात आणि जातात. सरकारी नोकराच्या नशिबी बदली ठरलेलीच. कुरियन एखादाच. पण ज्याने दोन रुपये घातले तो मालक, आणि मालकाची बदली होत नसते. पुढच्या सभेला घरातून एक तरी माणूस पाठवा. शक्य तर बाईमाणूस.

‘मंथन’ मिळाला तर अवश्य पाहा. शेवटी रावांची गाडी निघते तेव्हा वाईट वाटेल. पण तेवढ्यावर उठू नका. पुढे भोला काय करतो, ते पाहूनच उठा.