धुरांडं नसलेलं घर

दारातून आत पाऊल टाकतो आणि डोळ्यांतून पाणीच येतं. घराच्या मधोमध, जमिनीवरच लाकडं धडधडतायत. वर धुरांडं नाही. धूर आढ्यापर्यंत चढतो, तिथे घुटमळतो आणि जमेल तसा छपरातून बाहेर पडतो. वासे काजळीनं काळेकुट्ट.

हे बेलीफ फार्महाउस, वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटन गावाजवळच्या वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियममध्ये. माजघर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं; मांडणी मात्र साधारण 1540 सालची, खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याच्या घरची.

जाड लोकरी झगा घातलेल्या, डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या बाई माझे डोळे पाहून म्हणतात, “खाली बसा.” बुटक्या स्टुलावर बसतो. खरंच, धूर डोक्यावरून जातो आणि ऊब तेवढी पायांशी उरते. या घरात बाकं, स्टुलं इतकी ठेंगणी का, ते आता कळतं. खिडक्यांना काचा नाहीत, नुसते उभे लाकडी गज. वारा सुटला की आतून झडपा लावायच्या. मग थंडी थांबते, पण उजेडही जातो. जानेवारीत चार वाजता अंधारणाऱ्या या मुलखात शिवणटिपण करायचं कधी?

परसात लसूण, कांदे, लीक, केल. बटाटा अजून इंग्लंडला पोचायचाय. पलीकडे विंकहर्स्ट नावाच्या दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघरात याच भाज्या धान्याबरोबर रटरटतायत. रोजचं जेवण हेच: दाटसर कालवण आणि पाव. ढवळणाऱ्या बाईंच्या हाताला क्षणभर उसंत नाही. मागे सरल्या तर बुडाला लागतं, पुढे झुकल्या तर झग्याला झळ. या एका भांड्यामागे लाकूड फोडणं, पाणी आणणं, धान्य दळून आणणं, सगळं आलं. जुन्या इंग्लिश खेड्याची गुलाबांनी वेढलेली चित्रं आपण पाहतो, त्यांत हा घाम कुठेच नसतो.

ही दोन्ही घरं मूळची केंटमधली. 1960 च्या दशकात तिथे बाउ बीचचा जलाशय व्हायचा ठरला आणि घरं पाण्याखाली जाणार होती. पाणीपुरवठा कंपनीनं बेलीफचं घर संग्रहालयाला दिलं. कारागिरांनी ते सुटं करून इथे आणलं आणि पुन्हा जोडलं.

उजनी आणि कोयनेच्या पाण्याखाली आपली किती घरं गेली! दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात आणून पुन्हा उभे केले, म्हणून महाल तरी पाहायला मिळतो. कुणब्याच्या घराच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. तुमच्या गावात जुनं माळवदाचं किंवा कौलारू घर पाडायला निघालं असेल, तर निदान त्याची मापं घ्या, फोटो काढा आणि त्या घरात चूल पेटवलेल्या आजीला बोलतं करा.