माळावरची मेंढी आणि उन्हाचा हिशेब

भरदुपारी उघड्या माळावर झाड नसले, की मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली माना घालून, घोळका करून उभ्या राहतात. ‘मेंढरासारखे वागणे’ म्हणजे बुद्धी गहाण टाकणे, असे आपण समजतो. या घोळक्यात मात्र शहाणपण आहे. अंगाला सावली मिळणार नसेल, तर निदान डोक्याला तरी मिळावी!

मेंढीच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. घामावर तिची फारशी भिस्त नाही. नको असलेली उष्णता ती मुख्यतः धाप टाकून बाहेर काढते. सावलीत शांत बसलेली मेंढी मिनिटाला २० ते ३० वेळा श्वास घेते. कडक उन्हात हा आकडा २०० च्याही पुढे जातो. नाकातला ओलावा उडून तिथले रक्त गार होते. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक बारीक जाळे असते. हे गार रक्त त्याच्याभोवती खेळते आणि मेंदूकडे निघालेले गरम रक्त वाटेतच निवते. पण धाप फुकट मिळत नाही. तिच्यात पाणी खर्च होते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. पोटात चारा आंबतानाही उष्णता तयार होते, म्हणून तापलेली मेंढी खाणेच कमी करते. मग वजन घटते, माद्या गाभण राहत नाहीत आणि नरांची प्रजननशक्तीही मंदावते.

हा खर्च कसा भागवायचा, याचे उत्तर प्रत्येक जातीने वेगळे शोधले आहे. पश्चिम आशियातल्या अवासी मेंढीने चरबी शेपटीत साठवली. दुष्काळात ती पुरवणीला येते आणि बाकीच्या कातडीतून उष्णता बाहेर पडायला वाट मोकळी राहते. मेरिनोने दाट लोकरीची ढाल केली. ऑस्ट्रेलियाच्या उन्हात या लोकरीची टोके ८० अंशांच्या पुढे तापल्याच्या नोंदी आहेत. तरी आतली कातडी त्याच्या जवळपास निम्म्यावर राहते. मात्र मैलोन्‌मैल चालताना अंगात तयार झालेली उष्णताही हीच ढाल कोंडून धरते.

आपली दख्खनी मेंढी नेमकी चालणारी. तिची लोकर आखूड, राठ, केसाळ. वारा आत शिरू देणारी. तिच्या काळ्या रंगाचा उन्हात तोटाच, कारण तो ऊन अधिक शोषतो. पण न रंगवता काळे घोंगडे विणता यावे, म्हणून धनगरांनी तो जपला. म्हणजे ही मेंढी एकट्या निसर्गाने घडवलेली नाही. ऊन, वाट आणि माणसाची गरज यांच्यातली ती तडजोड आहे.

सुधारणेच्या योजनांनी या तडजोडीतली एकच बाजू पाहिली. लोकर मऊ व्हावी म्हणून दख्खनीचा मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींशी संकर करण्यात आला. लोकर सुधारली, पण लांबची चाल आणि अपुरा चारा संकरित जनावरांना सोसेना. धनगरांनी ती कळपात टिकू दिली नाहीत. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी कळपामागून एक दिवस चालून पाहावे.

आज दख्खनीपुढचा प्रश्न निराळा आहे. लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही. त्यामुळे अनेक मेंढपाळ जत तालुक्यातल्या उंच, वजनदार, जवळजवळ बिनलोकरीच्या माडग्याळ मेंढीकडे वळले आहेत. माडग्याळही कोरड्या मुलखातलीच, आणि मटणाच्या हिशेबाने हा निर्णय चूक म्हणता येत नाही. पण उन्हाळे कडक होत असताना एकाच मापाने सारे कळप घडवले, तर उरलेली उत्तरे हातची जातील. वजनकाट्यावर मेंढीचे मांस कळते. ती किती चालते, किती तहान सोसते आणि तापल्यावर किती लवकर पुन्हा चरू लागते, हे कळत नाही.

दिवाळी सरली, की देशावरचे अनेक वाडे घाट उतरून कोकणाच्या वाटेला लागतात. भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवल्या, की शेताला खत मिळते आणि धनगराला धान्य. घरच्या माळावर चारा-पाणी आटण्याआधीच कळप तिथून निघालेला असतो. दुष्काळी मुलखातली मेंढी उन्हात तगते ती तिच्या रक्ताच्या गुणाने, आणि तेवढीच तिच्यापुढे चालणाऱ्या पावलांच्या शहाणपणानेही. जात जपायची, तर ती वाटही जपावी लागेल.