पापड लाटताना गाणं, हिशोबाच्या वेळी शांतता

दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्यावरचं गाणं ऐकू येतं. आपण कानावर हात ठेवतो. ड्रायव्हर मात्र म्हणतो, गाणं नसलं की झोप येते. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. गाण्यानं थोडा वेळ तरतरी येते, पण झोपेची भरपाई झोपेनंच होते.

मैत्रिणींनो, आपल्या कामातही गाण्याचं असंच आहे. कुठं ते मदत करतं, तर कुठं नडतं.

पापड लाटणं, शेवया करणं, चटणीची पाकिटं भरणं ही हाताच्या सवयीची कामं. हात चालू असतात आणि मन मोकळं असतं, म्हणून कंटाळा येतो आणि पाठ दुखतेय याकडंच सारखं लक्ष जातं. ठेक्याचं गाणं लावलं की हात त्या ठेक्यात पडतात आणि थकवा कमी जाणवतो. दुसऱ्या महायुद्धात बीबीसी रेडिओनं हेच ओळखलं. कारखान्यातल्या कामगारांसाठी जून १९४० मध्ये ‘म्युझिक व्हाईल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू झाला. तो रोज दोनदा, अर्धा-अर्धा तास लागायचा. दिवसभर नाही, हे लक्षात घ्या. सारखं वाजत राहिलं की कान त्याला सरावतात.

पण आपल्या आज्यांना हे सांगायला रेडिओ लागला नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं उगाच नाही म्हणत. समोरासमोर दोघी बसायच्या, एकीनं ओळ धरायची, दुसरीनं उचलायची, आणि जात्याचा फेरा गाण्याबरोबर फिरायचा. त्यात विठ्ठल होता, माहेरचा भाऊ होता आणि सासरचा जाचही होता. जे कुणाला तोंडावर बोलता येत नव्हतं ते जात्याला सांगता येत होतं. माझ्या मते नुसतं ऐकण्यापेक्षा हे गाणं मोठं, कारण त्यात दळणही व्हायचं आणि मनही हलकं व्हायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या.

आता बैठकीचं बघू. बचत किती, हप्ता किती, व्याज किती, हे लिहिताना आपण मनात आकडे बोलत असतो. त्याच वेळी शेजारी मोबाईलवर शब्दांचं गाणं चालू असलं की मनात दोन बोलणी एकमेकांत अडकतात. साडेसातशेचे सातशे पन्नास बरोबर लिहिले जातात, पण दुसऱ्याच ताईंच्या नावापुढं! मग पासबुक आणि रजिस्टर जुळवताना गटात वाद होतात. म्हणून लेखे लिहिताना गाणं बंद. नवीन काम शिकतानाही बंदच ठेवावं.

ताणाचं काय? ऑपरेशनच्या आधीच्या भीतीवर झालेले २६ अभ्यास २०१३ साली एकत्र तपासले गेले. त्यात दोन हजारांवर रुग्ण होते. संगीत ऐकलेल्यांची भीती कमी झालेली दिसली. संथ, आपल्या आवडीचं गाणं ऐकताना श्वास सावकाश होतो, अंग सैल पडतं. भजन असो, भावगीत असो, ज्याचं त्याचं वेगळं. सासूबाईंना अभंगानं शांत वाटेल, सुनेला सिनेमातल्या गाण्यानं. पण हप्ता थकल्याची काळजी गाण्यानं फिटत नाही. गाण्यानं फार तर रात्री झोप लागेल आणि सकाळी गटात तोंड उघडायचा धीर येईल. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, तर आशाताईंना सांगून डॉक्टरांकडं जावं.

आणखी एक. कानात इयरफोन घालून कडबाकुट्टीवर किंवा पिठाच्या गिरणीवर उभं राहू नका, हंगामात रस्ताही ओलांडू नका. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

यंदा उन्हाळी कामाला एकत्र बसाल तेव्हा गटातल्या सगळ्यात थोरल्या आजींना एखादी ओवी म्हणायला लावा. त्या चालल्या तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.