पावणेतीन टन बर्फ, अर्धा युनिट वीज

नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्क या उपनगरात, चार दिवसांत ८० इंच बर्फ पडला. म्हणजे सुमारे दोन मीटर. त्याच चार दिवसांत तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर असलेल्या बफेलोच्या विमानतळावर याच्या निम्माही पडला नाही. एकच वादळ, एकच आभाळ, पण एका घराला गॅरेजचं दार दिसेना आणि दुसऱ्या घरातली माणसं दुपारी कामावर गेली.

ही किमया ईरी सरोवराची. सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर पसरलेलं आणि जवळजवळ ३९० किलोमीटर लांब असं हे सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे आडवं पडलेलं आहे, आणि बफेलो बसलं आहे नेमकं त्याच्या पूर्व टोकाला. नोव्हेंबरात पाणी अजून कोमट असतं आणि कॅनडाकडून येणारा वारा गारठलेला. हा वारा सरोवराच्या लांबीवरून धावताना वाफ पीत जातो आणि किनारा आला की एका चिंचोळ्या पट्ट्यात ती सगळी बर्फ करून ओततो. पट्टा सरकला तर थोडं थोडं सगळ्यांच्या वाट्याला येतं. तो एका जागी ठाण मांडून बसला, तर खालच्या गावाचं काही खरं नसतं. एरवीही बफेलोत वर्षाकाठी सरासरी २४० सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडतो.

आता हे आकडे एका घरापुरते करून पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. तिकडच्या उपनगरात घरापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतचा खासगी रस्ता, म्हणजे ड्राइव्हवे, ज्याचा त्याने साफ करायचा असतो. दोन गाड्या शेजारी शेजारी मावतील एवढी सहा मीटर रुंदी आणि पंधरा मीटर लांबी धरली, तर ९० चौरस मीटर होतात. रात्रीत ३० सेंटिमीटर बर्फ पडला, जो तिथे बातमीचा विषय नाही, तर सकाळी दारात २७ घनमीटर बर्फ असतो. ताज्या, भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला साधारण १०० किलो धरतात. म्हणजे झाले २,७०० किलो. पावणेतीन टन, एका रात्रीत, एका घराच्या दारात.

पाण्याच्या हिशेबात हा ३० मिलिमीटर पाऊस. मुंबईत जुलैमध्ये एवढा पाऊस पडला तर कोणी छत्रीबद्दलही बोलत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला जो ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो बर्फ होऊन पडला असता तर साडेनऊ मीटरच्या जवळ थर साचला असता. फरक इतकाच की पाऊस उतार शोधतो आणि आपल्या पायांनी निघून जातो. बर्फ जिथे पडेल तिथेच राहतो. त्याला कोणीतरी उचलून बाजूला करावं लागतं.

या पावणेतीन टनांत कण किती असतील? बर्फाच्या एका छोट्या स्फटिकात पाण्याचे साधारण एकावर अठरा शून्यं इतके रेणू असतात, म्हणजे त्याचं वजन ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. या मापाने ड्राइव्हवेवर ९० अब्ज स्फटिक पडलेले असतात. पृथ्वीवर माणसं आहेत आठ अब्जांच्या थोडी वर. व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून बर्फाच्या एका स्फटिकाचा फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात असे पाच हजारांहून जास्त फोटो काढले. त्या माणसाच्या चिकाटीपुढे हात जोडावेत, पण त्याने आयुष्यभरात टिपलेले स्फटिक एका ड्राइव्हवेच्या चिमूटभरही नव्हते.

मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकतो तो ऊर्जेचा हिशेब. विजेच्या बिलावर जो युनिट असतो, त्याच मापाने मोजू. वाफेचा थेट बर्फ होताना उष्णता बाहेर पडते. या एका ड्राइव्हवेचा बर्फ तयार होताना ढगात जवळजवळ २,१०० युनिट उष्णता मोकळी झाली. ढगाची उंची दोन किलोमीटर धरली, तर तेवढं वजन तेवढ्या उंचीवर नेऊन ठेवायला निसर्गाने आणखी १५ युनिट खर्च केले. हा बर्फ वितळवायचा म्हटला तर किलोला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे एकूण २५० युनिट. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची ही अडीच महिन्यांची वीज झाली, आणि तीही एका सकाळसाठी. ड्राइव्हवेखाली तारा किंवा नळ्या घालून बर्फ वितळवणारी घरं तिकडे आहेत. त्यांची बिलं जड का येतात ते या एका आकड्यात कळतं.

पण बर्फ वितळवायचा कशाला? तो फक्त बाजूच्या हिरवळीवर जायला हवा. एखादी वस्तू आठ मीटर लांब पडावी म्हणून ती ४५ अंशांच्या कोनात फेकायची, तर तिचा वेग सेकंदाला जवळपास नऊ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर लागतो. हवेचा अडथळा सोडून दिला तर किलोमागे ३९ ज्यूल लागतात. पावणेतीन टनांना किती? ०.०३ युनिट. वितळवायला २५० आणि भिरकावायला शून्य दशांश शून्य तीन. आठ हजार पटींचा फरक आहे हा! बर्फ घालवण्यासाठी त्याच्याशी झगडायची गरजच नाही, त्याला फक्त एक टोला द्यायचा असतो. स्नो ब्लोअर नावाचं यंत्र या एका फरकावर उभं आहे.

क्वेबेकच्या आर्थर सिकार्डने १९२५ मध्ये ट्रकवर चढवलेला स्नो ब्लोअर बनवला, तो रस्त्यांसाठी. आज मॉन्ट्रियल शहर त्याच तत्त्वाच्या यंत्रांनी रस्त्याकडेचा बर्फ ट्रकांत भरतं. वर्षाला साधारण एक कोटी वीस लाख घनमीटर, म्हणजे तीन लाख ट्रक. तेच यंत्र लहान होत होत गॅरेजमध्ये आलं, आधी पेट्रोलचं आणि मग विजेचं.

विजेचा छोटा ब्लोअर जवळून पाहिला तर गवत कापायच्या यंत्राचा भाऊच वाटतो. पुढे सुमारे अर्धा मीटर रुंद तोंड असतं. त्यात रबरी कडांची वळलेली पाती गरगर फिरत जमिनीलगतचा बर्फ खरवडून आत घेतात आणि त्याच झटक्यात वरच्या वाकड्या नळकांड्यातून बाहेर फेकतात. हँडलजवळच्या दांड्याने ते नळकांडं वळवायचं, म्हणजे बर्फ आपल्याला हवा तिकडे पडतो. शेजाऱ्याच्या गाडीवर पडू द्यायचा नसेल तर वाऱ्याची दिशा आधी पाहावी लागते, कारण भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उलटा फिरून थेट आपल्याच चष्म्यावर येतो.

वायरवर चालणाऱ्या यंत्राला अमेरिकेत एक मर्यादा आहे. तिथला घरगुती प्लग १२० व्होल्टचा आणि १५ अँपिअरचा असतो, त्यामुळे १,८०० वॅटच्या वर जाता येत नाही. बॅटरीच्या यंत्रांत बरेचदा ५६ व्होल्टच्या, पाच अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असतात. दोन्ही मिळून ५६० वॅट-तास. म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. एवढी ऊर्जा ६० मिलिलिटर पेट्रोलमध्ये असते, अर्धा कप चहाइतक्या.

या अर्ध्या युनिटात पावणेतीन टन हलतात का? भुसभुशीत बर्फ असेल तर हलतात. अशी यंत्रं मिनिटाला ३०० किलोच्या आसपास बर्फ फेकतात असा कंपन्यांचा दावा असतो. त्या वेगाने आपला ड्राइव्हवे नऊ मिनिटांत मोकळा व्हायला हवा. तो होत नाही. अर्ध्या मीटरच्या तोंडाने सहा मीटर रुंदी कापायची तर एकावर एक थोडे चढवत तेरा पट्टे मारावे लागतात. नुसतं चालणंच दोनशे मीटरच्या जवळ जातं, शिवाय दर टोकाला वळायचं आणि नळकांडं फिरवायचं. अर्धा तास धरावा. पूर्ण भरात असताना मोटरच्या दीड हजार वॅटपैकी फेकण्यात जेमतेम दोनशे वॅट जातात. बाकीचे बर्फ कापण्यात, घासण्यात आणि हवा ढवळण्यात. तरीही बॅटरीने तग धरला तर दारातला सगळा बर्फ दहा-अकरा सेंटच्या विजेत बाजूला झालेला असतो.

या हिशेबाला दोन गोष्टी सुरुंग लावतात. एक म्हणजे ओला बर्फ. तापमान शून्याच्या आसपास असलं की तोच तीस सेंटिमीटरचा थर घनमीटरला ३०० किलो भरतो आणि ड्राइव्हवेवर आठ टन होतात. दुसरी गोष्ट जास्त छळते. तुम्ही काम आटोपून आत जाता, आणि रस्ता साफ करणारा सरकारी प्लाऊ येऊन रस्त्याचा बर्फ तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलून जातो. सहा मीटर लांब, एक मीटर रुंद आणि साठ सेंटिमीटर उंच असा बांध धरा. हा दाबलेला, मीठ आणि चिखल मिसळलेला बर्फ घनमीटरला साडेचारशे किलोपर्यंत जातो. म्हणजे ड्राइव्हवेच्या पंधराव्या हिश्शाच्या जागेत १,६०० किलो! बाकी सगळ्या ड्राइव्हवेच्या निम्म्याहून जास्त वजन त्या एका बांधात असतं. छोट्या यंत्राची पाती इथे उड्या मारतात. पुढून घुसवण्यापेक्षा बांध वरून खाली, पातळ पातळ काप घेत उतरवणं हाच मार्ग, आणि तो गोठून दगड होण्याच्या आत.

थंडीत बॅटरीही मलूल होते. उणे वीस अंशाला लिथियम बॅटरी आपल्या ताकदीचा चांगला मोठा हिस्सा गमावते, आणि शून्याखाली चार्ज केली तर ती आतून कायमची बिघडते. म्हणून यंत्र गॅरेजमध्ये आणि बॅटरी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, हा तिकडचा बरोबर रिवाज आहे.

आता फावड्याचा हिशेब करू. एका फावड्यात पाच किलो बर्फ धरला तर पावणेतीन टनांना ५४० वेळा वाकायचं, उचलायचं आणि फेकायचं. फावड्याने बर्फ काढणारं शरीर तासाला ४०० ते ५०० किलोकॅलरी जाळतं, म्हणजे सुमारे अर्धा युनिट. दोन तासांत काम झालं तर एक युनिट. पाहा, माणूस आणि यंत्र यांच्या ऊर्जेत फार अंतर नाही, यंत्राला अर्धा युनिट आणि माणसाला एक. अंतर आहे ते वेगात. धडधाकट माणूस बराच वेळ टिकवू शकतो ती ताकद शंभर वॅटच्या आतबाहेर असते. मोटर दीड हजार देते. पंधरा माणसांचं काम एकाने, तेही उणे दहात, घाईघाईने, कारण आठ वाजता कामावर पोचायचं असतं. अशा वेळी शरीर जे भरून काढायला धावतं, ते हृदयाच्या जिवावर. थंडीने रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, जड फावडं उचलताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब उसळतो.

म्हणून पुढचा आकडा मला या सगळ्यांत मोठा वाटतो. १९९० ते २००६ या सतरा वर्षांत अमेरिकेत बर्फ काढताना फावड्यामुळे झालेल्या दुखापतींसाठी अंदाजे १,९५,१०० माणसं तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात पोचली. त्यांत हृदयाचे रुग्ण होते सुमारे सात टक्के. मृत्यू झाले १,६४७, आणि ते सगळेच्या सगळे हृदयामुळे. पाठ, खांदा, बोटं यांनी माणसं महिनाभर झोपली असतील, पण गेली ती हृदयाने. दोनअडीचशे युनिटांची गोष्ट असती तर परवडत नाही म्हणणं समजलं असतं. हे मृत्यू अर्ध्या युनिटाच्या कामापायी झालेले आहेत.

न्यू जर्सीपासून टोरांटोपर्यंत आज हजारो मराठी घरांपुढे असे ड्राइव्हवे आहेत. हिवाळ्यात तिथे नातवंडांसाठी आलेले आजी-आजोबाही असतात. “जरा हातपाय हलतील” म्हणून साठीतल्या बाबांनी फावडं उचललं, तर ते त्यांच्या हातातून काढून घ्या. ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास आहे, त्यांनी चाळिशीनंतरही फावड्याच्या वाटेला जाऊ नये. यंत्र घ्या, शेजाऱ्याबरोबर भागीत घ्या, नाहीतर पैसे देऊन कोणाकडून साफ करून घ्या. आणि यंत्र घेतलंत तर एवढं पाळा: नळकांडं तुंबलं की मोटर बंद करा, बॅटरी किंवा वायर काढा, आणि मगच काठीने मोकळं करा. आत हात कधीही घालू नका, कारण मोटर बंद असतानाही अडकलेल्या पात्यांत ताण साठलेला असू शकतो.